वडावरची वटवाघळं हाकलायची म्हणतायत गावात, काय बोलावं?

भोगावतीकाठचा
नमस्कार मंडळी. गाव करवीर तालुक्यात, कोल्हापूर जवळच. आमच्याकडं ओढ्याकाठी जुना वड आहे, त्याला लागून दोन चिंचा, तिथं मला कळतंय तेव्हापासून वटवाघळं लटकलेली असतात, मोठी, तांबूस मानेची. कुणाला काय त्रास नव्हता. पण केरळात निपाह विषाणूची बातमी आली की गावच्या ग्रुपवर फॉरवर्ड सुरू होतात आणि आता भावकीतली दोघं-तिघं म्हणालेत की सुतळी बॉम्ब लावून हाकलूया नाहीतर झाडंच पाडूया, त्यात आमच्या आत्तीचं वेगळंच, घरावरनं वाघळं गेली की अपशकुन. माझी पोरगी मात्र दिवस मावळायला गच्चीत जाऊन बसते त्यांना बघायला, जेवायला बोलावलं तरी उठत नाही. तर खरंच धोका आहे का, आणि ही असून उपयोग काय? ग्रामसभेत नुसतं 'असू देत बिचारी' म्हटलं तर हसतील.

राधानगरीची_रानवेडी
पोरीला आधी शाब्बास सांगा 😊

निपाह खोटा नाही, तो लपवून बोलू नका. हा विषाणू फळं खाणाऱ्या वटवाघळांत असतो, आणि लांब केरळात कशाला, पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्था) २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतनं पकडलेल्या वटवाघळांत त्याच्या खुणा मिळाल्या होत्या. पण तो माणसात येतो कसा ते बघा. बांगलादेशात खजुरीचा कच्चा रस पिऊन, कारण रात्री मडक्याला तोंड लावून वाघूळ गेलेलं असतं, मलेशियात १९९८-९९ ला डुकरांमार्फत, आणि नंतर आजारी माणसाकडनं माणसाला. झाडावर लटकलंय म्हणून खालनं जाणाऱ्याला होत नाही. उष्टं, टोचलेलं फळ खायचं नाही, खाली पडलेल्या वाघळाला उघड्या हातानं उचलायचं नाही, पोरांना हे पक्कं सांगायचं. चुकून चावलं किंवा ओरखडलं तर साबणानं धुवून लगेच दवाखाना.

आता सुतळी बॉम्ब. आवाजानं सगळी उधळतील आणि गावातल्याच दुसऱ्या दहा झाडांवर बसतील, म्हणजे आज ओढ्याकाठी आहेत ती उद्या शाळेच्या आवारात. आणि साधारण फेब्रुवारी ते मे पिल्लांचा काळ, आई पिल्लू पोटाला धरून उडते, त्यात बार उडवले की पिल्लं खाली पडतात आणि मग तुमचीच पोरं ती हातात घेणार. मादीला वर्षाला एकच पिल्लू, त्यामुळं एकदा वस्ती मोडली की लवकर भरून येत नाही.

उपयोगाचं विचारलंत ना, तर वड, पिंपळ, उंबर. यांची बी बारीक, फळाबरोबर पोटात जाते आणि वाघूळ रात्रीत कितीतरी किलोमीटर फिरत असल्यामुळं उडता उडता कुठंतरी पडते. पक्षीही हे काम करतात, पण ते बहुतेक फांदीवर बसून शिटतात, ही मोकळ्या माळावरही टाकत जातात. मोहाच्या फुलांचं परागीभवनही ही करतात. तुमच्या पोर्चमध्ये सकाळी खोट्या अशोकाच्या बियांचा सडा पडतो तो कुणाचा वाटला!

आत्तींना सांगा ती आंधळी नाहीत, चांगलं दिसतं त्यांना, आणि रक्त पिणारी वटवाघळं जगात तीनच जातींची, तीही सगळी अमेरिका खंडात. उन्हाळ्यात मावळतीला जवळच्या तळ्यावर थांबून बघा, उडता उडता पोट पाण्याला टेकवतात आणि झाडावर जाऊन ते ओलं पोट चाटतात. थोबाड कोल्ह्याचं आणि पंख म्हणजे चक्क हाताची बोटं लांब होऊन मधे ताणलेली कातडी. मला तर ती मोरापेक्षा देखणी वाटतात, हसा हवं तर.

शिरोळचा_चिकूवाला
ताई सगळं बरोबर, पण चिकू माझा खातात ना. पिकायला आला की रात्रीत निम्मा खाली, अर्धा चावलेला, बाजारात कोण घेणार? शहरात बसून 'निसर्गाचं देणं' म्हणायला काय जातंय. आमच्याकडं फटाके लावून बघितले, दोन-चार दिवस येत नाहीत आणि मग त्याच झाडावर परत. पैसे गेले की हो.

राधानगरीची_रानवेडी
दादा शहरात नाही, आमचीपण पेरूची झाडं आहेत 😄 नुकसान होतंच, ते नाकारून शेतकऱ्याला पटवता येत नाही. थोडी झाडं असतील तर जाळी लावा, पण बारीक नायलॉनची मासेमारीची नको, त्यात वाघळं, घुबडं अडकून मरतात. दाट विणीची, बोट जाणार नाही इतकी बारीक भोकं, आणि ताणून बांधलेली. चिकू झाडावर पिकू देऊ नका, तयार झाला की काढून आढीत घाला, ती वास येणाऱ्या पिकल्या फळावरच पडतात. पेरूला सरळ फळाला पिशवी.

बेळगावचा_भाऊ
सगळे मोठ्यांचंच बोलालेत, बारक्यांचं कोण बोलणार? कौलात, भिंतीच्या फटीत राहतात ती पाच-सात ग्रॅमची, ती फळं खातच नाहीत, रात्रभर किडे, पतंग, डास. ऊसवाल्यांनी तर त्यांना पाया पडायला पाहिजे, खोडकिडीचा पतंग रात्रीच उडतो. अंधारात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर किडा पकडतात, आपल्याला ऐकू येत नाही म्हणून शांत वाटतंय.

आणि आमच्या इकडं भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहेत, तिथल्या एका वटवाघळाची नोंद १९१३ ची, रॉटनचं वटवाघूळ म्हणतात, कितीतरी वर्षं जगात फक्त त्याच एका ठिकाणी माहीत होतं. कोल्हापूरपासून किती लांब हो हे? पण आपल्याकडं कुणाला पत्ता नाही, वाघाचा फोटो मात्र सगळ्यांच्या डीपीला. (गुहेत मात्र घुसू नका, त्यांनाही त्रास आणि आत साठलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला वाईट.)

भोगावतीकाठचा
लई आभार सगळ्यांचे. कायद्याचं काय? चुलत्याचं म्हणणं उपद्रवी प्राणी आहे, मारलं तरी चालतंय.

राधानगरीची_रानवेडी
तुमच्या चुलत्यांचा कायदा जुना झाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं खरंच उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवींच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढली आणि हे मोठं वटवाघूळ आता अनुसूची दोनमध्ये आहे, म्हणजे मारलं तर गुन्हा. आणि त्या दोन चिंचा आहेत ना, चिंच आपल्या राज्यात स्वतःच्या जागेतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. ग्रामसभेत पहिलं हेच बोला, बिया-परागीभवन नंतर. वनरक्षकाला आधी फोन करून बोलावून घेतलंत तर उत्तम, खाकी कपडे बघून भावकी जरा ऐकते.

ओढ्याकाठी पाण्याची उघडी टाकी असेल तर तेवढी झाकून घ्या.