नाशकात दोन दिवस, नेहमीचं सोडून काय दाखवू? मदत हवी आहे

दुसरी_पाळी
शनिवारी सकाळी निघतोय, रविवारी रात्री परत. पंचवटी, काळाराम, त्र्यंबक, वाइनरी हे कृपया सांगू नका. मंदिरं तर नकोतच. चार दिवस शोधतोय, प्रत्येक यादीत तीच दहा ठिकाणं, त्याच क्रमानं. शहर आतून माहीत असलेल्यांनी सांगा. उद्या रात्रीपर्यंत ठरवायचंय, त्यामुळे जरा लवकर.

जुना_नाशिककर
कोण कोण आहात? कुठून येताय? स्वतःची गाडी आहे का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

कडेकपारी
रामशेज करा. दिंडोरी तालुक्यात आहे, उंची फार नाही. औरंगजेबाच्या फौजेला या एवढ्याशा किल्ल्यानं कित्येक वर्षं झुंजवलं आणि आज माथ्यावर तुम्ही आणि वारा, बाकी कोणी नसतं. पहाटे पाचला निघा. दुसऱ्या दिवशी अंजनेरी.

रस्सा_जास्त
सकाळी आधी मिसळ. मळ्यातल्या चुलीवरच्या मिसळीला जा, दही, पापड, मठ्ठा सगळं मिळतं.

जुना_नाशिककर
मळ्यातली मिसळ ही गेल्या काही वर्षांतली गोष्ट. गावातल्या बाकड्यांवर बसून खायची, काळ्या मसाल्याची, ती नाशिकची मिसळ. घसरगुंडी आणि झोके असलेल्या ठिकाणी मिसळ खायला मी पाहुण्यांना कधीच नेणार नाही.

रस्सा_जास्त
लहान मुलं असतील तर झोके लागतातच. मुलं आहेत का, तेच धागाकर्त्यानं सांगितलेलं नाही.

दुसरी_पाळी
मिसळीचं नंतर बघू. दोघं आहोत, गाडी आहे. किल्ले जमणार नाहीत, वडिलांचे दोन्ही गुडघे गेलेत.

कडेकपारी
वडील सोबत आहेत हे आधी सांगायला हवं होतं. वय काय? आणि याआधी कधी नाशिकला आलेत का?

दुसरी_पाळी
६८. आणि आलेत म्हणजे काय, ३१ वर्षं राहिलेत तिथे.

जुना_नाशिककर
आता मात्र काहीच कळेना. ३१ वर्षं राहिलेल्या माणसाला नाशिक दाखवायचंय?

दुसरी_पाळी
हो. नीट लिहितो.

बाबा सातपूर एमआयडीसीत टूलरूमला होते. आधी फिटर, मग डाय मेकर, म्हणजे साचे करणारे. तीन पाळ्या. पहिल्या पाळीला साडेपाचला घर सोडायचे, तिसरी असली की दिवसभर घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. रविवारी ओव्हरटाइम, कारण आम्ही दोघं भावंडं शिकत होतो. कंपनी बंद झाली तेव्हा हिशेबाचे पैसे हातात पडायला बरीच वर्षं लागली. मग मी नोकरीसाठी संभाजीनगरला आलो आणि त्यांनाही घेऊन आलो. गेल्या महिन्यात टीव्हीवर गोदाघाट दाखवत होते, तेव्हा म्हणाले, "मी नाशकात राहिलो, पण नाशिक पाहिलं नाही." सणावारी आईबरोबर देवळात जाणं तेवढं झालं, म्हणून मंदिरं नकोत म्हटलं. दर्शनाच्या रांगेत त्यांना उभंही राहवत नाही.

त्यांना गर्दी, फोटो, हॉटेल यात काही रस नाही. एखादी वस्तू कशी केलीय हे मात्र ते तासभर बघत बसतात.

गोदाकाठची
हे पहिल्याच परिच्छेदात असतं तर रामशेज आणि मिसळीत वेळ गेला नसता. तांबट आळी! तुमच्या वडिलांसाठी नाशकात याहून चांगली जागा मला सुचत नाही. सातपूरच्या आधी कित्येक पिढ्या या गावाचा कारखाना तिथेच होता. हंडे, घंगाळी, बंब, पराती सगळं. सपाट पत्र्याची कळशी पुरी होईतो धातू किती वेळा तापवून मऊ करावा लागतो, ते डाय मेकरला सांगावं लागणार नाही. माझं माहेर तिथून दोन गल्ल्या पलीकडे. दुपारी आजीला त्या ठोक्यांतच झोप लागायची.

जुना_नाशिककर
भावना समजली, पण आज किती घरांत ठोके पडतात? बराचसा माल तयार येतो आणि इथे नुसता विकला जातो. माणूस लांबून येणार आणि स्टीलची दुकानं बघून परत जाणार.

गोदाकाठची
कमी झाले, संपलेले नाहीत. पाण्यासाठी तांब्याची भांडी लोक पुन्हा घ्यायला लागलेत. भांडी बाजारातल्या कोणत्याही जुन्या दुकानात "मठारकाम (ठोके देऊन भांडं घडवणं) कोण करतं?" एवढंच विचारा, नेऊन दाखवतात. मी स्वतः मागच्या दिवाळीत समई दुरुस्त करून आणली. सकाळी जा, गाडी मात्र त्या गल्ल्यांत घालू नका. घाटाकडे लावून रिक्षा करा.

फ्लॅट_घ्यायचाय
नाशिकचे बरेच लोक दिसतायत म्हणून विचारतो. पाथर्डी फाटा घ्यावा की गंगापूर रोड? बजेट ५५ लाख.

पाणथळ
संभाजीनगरहून येताय ना? मग निफाडवरूनच जाल. नांदूर मध्यमेश्वर सोडू नका. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा घातला, त्यामागे गाळ साचत गेला, बेटं तयार झाली आणि पक्षी आले. २०२० साली जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात पहाटे चमचे, क्रौंच, चक्रवाक दिसतात. ४०० मिलिमीटरची लेन्स न्या, ट्रायपॉडऐवजी बीन बॅग बरी.

दुसरी_पाळी
आमच्याकडे कॅमेरा नाही. तरी धन्यवाद, बंधाऱ्याचं त्यांना सांगेन.

हातमाग
पक्ष्यांसाठी पहाटे पोचावं लागेल, ते यांना जमायचं नाही. त्याच रस्त्यावर येवला लागतं. पैठणीच्या दुकानात बसू नका, विणकरांच्या घरी जा. पुढच्या खोलीत खड्डामाग असतो, खड्ड्यात पाय सोडून विणकर पावड्या दाबतो. काठ आणि पदरावरचे मोर, पोपट यांच्यासाठी रंगागणिक वेगळी कांडी आणि प्रत्येक धागा हातानं अडकवलेला. उलटी बाजू आवर्जून बघा, नक्षी दोन्हीकडून सारखीच दिसते. साध्या पैठणीला काही आठवडे लागतात, भरलेल्या पदराला काही महिने. बघू द्यायला कोणी नाही म्हणत नाही, साडी घ्या असा आग्रहही सहसा नसतो.

निळी_टोपी
येवल्याला जाताच आहात तर मुक्तिभूमीला जा. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा तिथे केली. त्याआधी २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. पाच वर्षांतली ही दोन ठिकाणं एकाच जिल्ह्यात आहेत आणि तुमच्या रस्त्यावर आहेत. कामगार माणसाला याचं मोल जास्त कळतं.

सिन्नरी
मंदिरं नकोत म्हणालात तरी लिहितो. सिन्नरचं गोंदेश्वर. रांग नाही, बडवे नाहीत. एका चौथऱ्यावर पाच देवळं, मधलं शंकराचं. फिटरच्या डोळ्यांनी बघा, चुन्याशिवाय दगडावर दगड कसा बसवलाय. हेमाडपंती कामाचा याहून चांगला नमुना नाही.

ब्राह्मी
हेमाडपंती नाही. हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, यादवांच्या दरबारात आला तेराव्या शतकात, गोंदेश्वर त्याच्याआधीचं. शैली भूमिज आहे. शिखरावर लहान शिखरांच्या उभ्या ओळी चढत जातात, त्यावरून ओळखायचं.

सिन्नरी
आमच्याकडे सगळे हेमाडपंतीच म्हणतात.

ब्राह्मी
म्हणतात खरं, पण त्यामुळे बांधणाऱ्यांचा काळ आणि कसब दोन्ही पुसलं जातं. असो. धागाकर्त्यासाठी वेगळं लिहायचंय.

वडिलांना पांडवलेणी दाखवा. पांडवांचा तिथे काही संबंध नाही, ही बौद्ध लेणी आहेत. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं भिक्खूंच्या वस्त्रांसाठी आणि खर्चासाठी ३००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) दिली, पण ती भिक्खूंच्या हातात दिली नाहीत, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवली. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायची नाही, व्याज वापरायचं. हे गोवर्धन गाव आजही गंगापूर रस्त्याला आहे. तिथल्याच पुढच्या एका लेखात कुंभार, तेली आणि ओदयंत्रिक यांच्या श्रेणी येतात. ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रं करणारे. राजाचा जावई ज्यांच्याकडे बिनधास्त ठेव ठेवत होता, ते या गावचे कारागीर होते. नाशिकला १९६० नंतर एमआयडीसीनं कारखान्यांचं गाव केलं असं सगळे लिहितात, त्याचं मला वाईट वाटतं.

कडेकपारी
त्याच पायऱ्या. मला रामशेज नको म्हणालात, आणि हे चालतं का?

ब्राह्मी
पायऱ्या आहेत हे खरं. वडील खाली फाळके स्मारकाच्या बागेत बसतील, मुलानं वर जाऊन लेखाचा फोटो काढावा आणि खाली येऊन वरचा मजकूर वाचून दाखवावा. मी माझ्या आईसाठी हेच केलं होतं.

नोटप्रेस_कॉलनी
नाशिकरोडला सरकारी छापखाना, प्रेस, बघायला मिळते का ते विचारा. १९२५ पासून तिथे स्टँप छापतात.

जुना_नाशिककर
मिळत नाही. बाहेरची भिंत दिसेल तेवढीच. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यालाही तेच, मिग विमानं तिथे बनली पण आत सोडत नाहीत. उगाच हेलपाटा नको.

सातपूर_भोंगा
मीही सातपूरलाच होतो, दुसऱ्या कंपनीत, २७ वर्षं. तुमच्या वडिलांना अंजनेरीच्या नाणे संग्रहालयात न्या. गड चढायचा नाही, संस्था रस्त्यालगतच आहे, १९८० मध्ये सुरू झालेली. नाण्यांचे ठसे कसे पाडायचे, साचा कसा असायचा, सगळं मांडलंय. डाय मेकरला दुसरं काय हवं? आधी फोन करून जा, सुट्ट्यांचं बघून घ्या. आणि रस्ता त्र्यंबकचाच, म्हणजे सातपूरवरून. त्यांच्या कंपनीच्या गेटवरून गाडी सावकाश न्या, पण थांबायचं का ते त्यांना ठरवू द्या. मी आमच्या गेटपाशी उतरलो होतो, आत गवत माणसाएवढं. दोन दिवस जेवण गेलं नाही.

फ्लॅट_घ्यायचाय
गंगापूर रोडचं कोणी सांगेल का?

जुना_नाशिककर
त्यासाठी वेगळा धागा काढा.

धागाकर्त्याला एक शेवटचं. संध्याकाळी घाटावर दुतोंड्या मारुतीपाशी बसवा. पुराचं पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून सगळं नाशिक पुराचा अंदाज घेतं. मोजमापात आयुष्य गेलेल्या माणसाला हे आवडेल. पलीकडे नारोशंकराच्या देवळाची मोठी घंटा दिसते, वसईच्या विजयानंतर आणलेली सांगतात. ती ओतीव आहे. सिंहस्थाची कामं चालू असतील, खडीवरून त्यांचा हात धरा.

दुसरी_पाळी
सगळ्यांचे आभार. येवला, घाट, तांबट आळी, लेणी, अंजनेरी एवढं ठरवलंय. गोंदेश्वर पुढच्या खेपेला.

दुसरी_पाळी
काल रात्री परत आलो. लिहितो म्हणालो नव्हतो, पण लिहायला हवं.

येवल्यात अर्धा तास ठरवला होता, अडीच तास गेले. बाबा खाली बसू शकत नाहीत, विणकरांनी स्टूल दिलं. बाबांनी विचारलं, धागा तुटला तर जोड कुठे लपवता? त्या माणसानं माग थांबवून दाखवलं. मग दोघांचं हातांच्या दुखण्यावर बोलणं सुरू झालं.

तांबट आळीत जुना_नाशिककर यांचंही खरं निघालं आणि गोदाकाठची यांचंही. तीन ठिकाणी नुसती विक्री होती. चौथ्या ठिकाणी एक आजोबा घंगाळ मठारत होते, खुणा न करता, ओळीत ठोका एकसारखा. बाबा बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, "हाताला गेज आहे ह्यांच्या." म्हणजे माप हातातच. गुडघ्यांचं मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा हातानंच गप्प बस म्हणाले.

लेण्यांवर एकटाच गेलो. खाली येऊन ब्राह्मी यांचा मजकूर वाचून दाखवला. बाबांनी दोनदा वाचायला लावला. "दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाला बारा. आमच्या कामगार पतपेढीचा दर पण बाराच होता," म्हणाले. मग पाऊण टक्क्याची श्रेणी वेगळी का, पैसे बुडाले तर जबाबदार कोण, हे प्रश्न. मला उत्तरं येत नव्हती.

सातपूरला गेटवरून सावकाश गेलो. त्यांनी थांब म्हटलं नाही. अंजनेरीत मात्र ठशांच्या कपाटापुढून हलवावं लागलं, संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली होती.

आता एक नवीन अडचण. घरी आजीचा तांब्याचा बंब आहे, तोटी गेलीय आणि आतली नळी गळते. आळीतल्या आजोबांनी आणा म्हटलं, पण बंब संभाजीनगरला आहे आणि बाबांना तो याच महिन्यात दुरुस्त करून हवाय. बसमध्ये घेतात का?

गोदाकाठची
एसटीत वाहक मालाचं वेगळं तिकीट देईल. आतली जाळी आणि राख काढून टाका, पोत्यात नीट बांधा, तोटीच्या भोकावर फडकं घट्ट भरा. आणि वडिलांना सोबत आणा, नळी ते स्वतः बसवायला मागतील.