मार्कडाउनमधे मजकुरातूनच आकृत्या काढायच्यात, लेबलं मराठीत हवीत – काय वापरावं?

पतपेढी_दप्तर:
नमस्कार मंडळी. मी एका सहकारी पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका सांभाळते. सगळा मजकूर मार्कडाउनमधे (साध्या मजकुरात खुणा टाकून मांडणी करायची पद्धत) आहे आणि गिटमधे (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) ठेवलाय, त्यामुळे कोणी कधी कुठली ओळ बदलली ते लगेच कळतं. आकृत्या मात्र पॉवरपॉइंटमधे काढून पीएनजी करून चिकटवलेल्या आहेत आणि सगळा घोळ तिथेच होतोय. मागे जामीनदाराची अट बदलली, मी मजकूर त्याच दिवशी बदलला पण आकृतीत जुनीच अट राहिली, शाखेतल्या नवीन लिपिकाने मजकूर न वाचता आकृती बघून काम केलं (कोणीही तेच करेल) आणि तीन सभासदांना कागदपत्रांसाठी परत हेलपाटा पडला. मला ते फार लागलं. मूळ पॉवरपॉइंट फाइल ज्यांच्याकडे होती ते नोकरी सोडून गेलेत, म्हणजे आता दुरुस्ती करायची तरी आकृती पहिल्यापासून काढायची.

म्हणून ठरवलंय की आकृतीसुद्धा मजकूर म्हणूनच लिहायची. मर्मेड (मजकुरातून आकृती काढणारं साधन) करून बघितलं, इंग्रजी लेबलं छान येतात पण मराठी टाकलं की कधी चालतं कधी एरर येते, आणि एसव्हीजी (रेषांच्या स्वरूपातली चित्रफाइल) काढून वर्डमधे घातली तर चौकटी आणि बाण दिसतात, अक्षरं गायब! संचालक मंडळाला वर्ड फाइलच लागते, त्याला इलाज नाही. शिवाय दर तिमाहीला थकबाकीचा आलेख द्यावा लागतो, तोही असाच निघाला तर बरं. कोणी मराठीत हे नीट चालवलंय का?

तीनफाटा:
तुमच्या दोन्ही अडचणींना उत्तर आहे, मर्मेड लगेच टाकून देऊ नका.

पहिली गोष्ट, चौकटीचं नाव आणि चौकटीतला मजकूर वेगळे ठेवा. नाव म्हणून एक साधं इंग्रजी अक्षर घ्या आणि मराठी मजकूर चौकोनी कंसात दुहेरी अवतरणात टाका, म्हणजे ["कर्ज अर्ज"] असा. इंग्रजीपलीकडची लिपी अवतरणात द्या असं त्यांच्या मदतपानावरच लिहिलंय. मजकुरात गोल कंस आला तरी अवतरण लागतंच, नाहीतर मर्मेडला वाटतं तुम्ही चौकटीचा आकार बदलताय. आणि एंड हा शब्द लहान लिपीत चौकटीचं नाव म्हणून कधीही देऊ नका, फ्लोचार्ट तिथेच मोडतो, मी यात अख्खी संध्याकाळ घालवलीय.

दुसरं, वर्डमधे अक्षरं गायब होण्याचं कारण म्हणजे मर्मेड लेबलं एचटीएमएल म्हणून एसव्हीजीच्या पोटात ठेवतं. ब्राउझरला ते कळतं, वर्डला आणि इंकस्केपला (चित्रं काढायचा प्रोग्राम) कळत नाही. सेटिंगमधे एचटीएमएल लेबल्स फॉल्स करा, नाहीतर सरळ मर्मेडच्या कमांडलाइनने पीएनजी काढा आणि स्केल ३ द्या, छपाईतसुद्धा अक्षर फाटत नाही.

मर्मेडचा मोठा फायदा म्हणजे काही इन्स्टॉल न करता दिसतं. गिटलॅबवर आधीपासून होतंच, गिटहबने २०२२ च्या फेब्रुवारीत आणलं (दोन्ही गिटमधलं काम ठेवायच्या साइट), ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमधेही चालतं. आकृती बदलणारी व्यक्ती प्रोग्रामर नसेल तर याला फार किंमत आहे.

जावा_सदाशिव:
तीनफाटा म्हणतात ते बरोबर, पण ताईंच्या कामात कोण काय करतं हेच महत्त्वाचं आहे. लिपिक, शाखाधिकारी, कर्ज समिती. अशा आकृतीला उभे पट्टे लागतात, आणि मर्मेडमधे सबग्राफने चौकट घालता येते पण पट्टे रांगेत बसत नाहीत, ओढाताण होते. प्लँटयूएमएल हेही मजकुरातून आकृती काढणारं साधन, त्याच्या ॲक्टिव्हिटी डायग्रॅममधे (कामाच्या पायऱ्यांची आकृती) हे अगदी सरळ आहे. मधला भाग जसाच्या तसा देतो:

|लिपिक|
:अर्ज घेणे;
:जामीनदारांची कागदपत्रं तपासणे;
|शाखाधिकारी|
:शिफारस लिहिणे;
|कर्ज समिती|
:मंजुरी किंवा नकार;
|लिपिक|
:सभासदाला कळवणे;

याच्या आधी ॲट-स्टार्टयूएमएल, पहिल्या पट्ट्याच्या ओळीच्या लगेच खाली स्टार्ट, शेवटी स्टॉप आणि ॲट-एंडयूएमएल. एवढंच. उभ्या रेघांत पट्ट्याचं नाव, अपूर्णविराम ते अर्धविराम एक काम. बाण काढावेच लागत नाहीत, क्रमाने लिहिलं की तेच जोडतं. उद्या जामीनदाराची अट बदलली तर एक ओळ बदलायची आणि गिटमधे ती एकच ओळ लाल-हिरवी दिसेल. ज्याला आकृतीची भाषा येत नाही तो शाखाधिकारीसुद्धा हे वाचून चूक दाखवू शकतो, मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

दोन पथ्यं पाळा. विंडोजवर चालवताना चारसेट (अक्षरांची संकेतपद्धत) यूटीएफ-८ आहे असं कमांडमधे सांगा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. आणि एसव्हीजी काढलीत तर प्लँटयूएमएल प्रत्येक ओळीची रुंदी आकड्यात लिहून ठेवतं, समोरच्याच्या मशीनवर फॉन्ट वेगळा असेल तर तेवढ्या रुंदीत बसवायला अक्षरं ताणली जातात, माझ्याकडे शिरोरेषा मधेमधे तुटलेली दिसायची. वर्डसाठी पीएनजीच काढा. ॲक्टिव्हिटी आणि सीक्वेन्स डायग्रॅमला ग्राफव्हिझ (चौकटी-बाणांची मांडणी करणारा वेगळा प्रोग्राम) लागत नाही, जावा असली की पुरे.

पतपेढी_दप्तर:
सदाशिव दादा, तुमचा तुकडा तसाच चिकटवला आणि पहिल्याच फटक्यात पट्टे आले! तीनफाटांचं अवतरणाचंही जमलं, मर्मेडची एरर गेली. आता नवीन अडचण. माझ्या लॅपटॉपवर सुंदर दिसतं पण आमच्या लिनक्स सर्व्हरवर रोज रात्री फाइल तयार होते तिथे सगळ्या मराठी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. आणि एक सहकारी म्हणाले की सर्व्हरचा त्रास कशाला, प्लँटयूएमएलची सार्वजनिक साइट आहे तिथून चित्र मागवा. ते करावं का?

जुना_ट्रॉफवाला:
रिकामे चौकोन म्हणजे सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नाही. डेबियन किंवा उबुंटू असेल तर फॉन्ट्स-लोहित-देवा किंवा फॉन्ट्स-नोटो-कोर यातलं एक पॅकेज टाका, मग एफसी-लिस्टला (फॉन्टची यादी देणारी कमांड) एमआर, म्हणजे मराठी, भाषा देऊन विचारा, यादीत नाव आलं की झालं. डॉकरमधे (प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमधे, चालवायची सोय) चालवत असाल तर ते डॉकरफाइलमधेच लिहा, नाहीतर पुढच्या बिल्डला चौकोन परत. फॉन्टचं नाव आकृतीतही स्पष्ट द्या, सिस्टिमवर सोडू नका. आणि चित्र आल्यावर "कर्ज" आणि "अर्ज" हे दोन शब्द मोठे करून बघा. रफार ज वर नीट बसलाय का, की र चा पाय मोडून ज वेगळा पडलाय? फॉन्ट असूनही अक्षरजोडणी होत नसेल तर ती पहिल्यांदा रफारात आणि ऱ्हस्व वेलांटीत कळते. ग्राफव्हिझ आणि ग्नूप्लॉटमधे (आलेख काढणारा प्रोग्राम) कैरो ही चित्र काढणारी लायब्ररी वापरून काढलेलं चित्र पँगो या अक्षरजोडणीच्या लायब्ररीमधून जातं, त्यात जोडाक्षरं बरोबर येतात.

सार्वजनिक साइटचं म्हणाल तर माझा साफ विरोध आहे. तिथे आकृतीचा अख्खा मजकूर दाबून यूआरएलमधेच जातो, ज्याच्या हातात ती लिंक लागली त्याला सगळं उलगडून वाचता येतं. आज फक्त पायऱ्या आहेत, उद्या कोणीतरी उदाहरण म्हणून खऱ्या सभासदाचं नाव आणि खातेक्रमांक टाकेल. क्रोकी नावाचा मुक्त सर्व्हर आहे, डॉकरने स्वतःच्याच मशीनवर उभा करता येतो, प्लँटयूएमएल, ग्राफव्हिझ वगैरे एकाच पत्त्यावर मिळतात. त्याच्या कंटेनरमधेही फॉन्टचं बघावं लागेल. पण तुम्हाला एकच प्रकार लागतोय तर प्लँटयूएमएलची नुसती जार (जावावर चालणारी) फाइलसुद्धा पुरेल.

थोडं विषयांतर करतो, कारण मला हा विषय जवळचा आहे. मजकुरातून आकृती ही काही आजची टूम नाही. बेल लॅब्जमधे ब्रायन कर्निगन यांनी ट्रॉफ या छपाईच्या मांडणीच्या प्रोग्रामसाठी पिक ही भाषा केली होती, चौकट, बाण, वर्तुळ असे शब्द लिहायचे आणि छापील पानावर आकृती यायची. त्याच वळणावर एसक्यूलाइट डेटाबेसवाल्या रिचर्ड हिप यांनी पिकचर केलं आणि एसक्यूलाइटच्या मदतपानांवरच्या व्याकरणाच्या आकृत्या त्यातूनच निघतात. ग्राफव्हिझही एटी अँड टीमधलंच. त्यात तर मराठी नावं अवतरणाशिवायही चालतात, फक्त नावात जागा नको:

अर्ज -> छाननी
छाननी -> मंजुरी
छाननी -> त्रुटी
त्रुटी -> अर्ज

शाखांमधे कोण कोणाला कळवतं असं जाळं दाखवायचं असेल तेव्हा हे घ्या. रँकडिर (मांडणीची दिशा) एलआर, म्हणजे डावीकडून उजवीकडे, दिलं की आडवं होतं. एक मात्र कळकळीने सांगतो, चौकट इथेच हवी, बाण तिकडूनच वळावा असा हट्ट धरू नका. मांडणी त्याच्यावर सोडायची. वीसेक चौकटींच्या पुढे गेलं की आकृतीचे दोन तुकडे करा, ओढूनताणून एका पानात बसवलेली आकृती लिपिकाला वाचता येत नाही.

तीनफाटा:
थकबाकीच्या आलेखाचं राहिलंच. मर्मेडमधे पाय चार्ट आहे पण तिमाही-तिमाहीची तुलना पायमधे कळत नाही, आणि त्यांचा एक्सवाय चार्ट बरेच दिवस बीटा (चाचणी अवस्थेत) होता, मंडळाला जाणाऱ्या कागदात मी तो घालणार नाही. आकडे सीएसव्हीत (स्वल्पविरामाने वेगळे केलेल्या आकड्यांची साधी फाइल) ठेवा आणि ग्नूप्लॉटची दहा ओळींची फाइल करा, विभाजक स्वल्पविराम आहे हे सांगा, टर्मिनल पीएनजीकैरो घ्या म्हणजे ट्रॉफवाले म्हणाले तसं मराठी बरोबर येईल. पुढच्या तिमाहीला सीएसव्हीत एक ओळ वाढली की आलेख आपोआप नवा. उभा अक्ष शून्यापासून सुरू करा हे आवर्जून सांगतो, नाहीतर थोडी वाढसुद्धा डोंगराएवढी दिसते आणि सभेत उगाच गदारोळ होतो.

पतपेढी_दप्तर:
लोहित टाकला, चौकोन गेले. "कर्ज" मोठं करून बघितलं, रफार जागेवर आहे. सार्वजनिक साइटला नाही म्हणून कळवलं. पँडॉकने (मार्कडाउनची वर्ड फाइल करणारा प्रोग्राम) वर्ड फाइल काढण्याआधी जार चालवून पीएनजी तयार करायची अशी दोन ओळींची स्क्रिप्ट रात्रीच्या कामात जोडली. जामीनदाराची नवी अट आकृतीत आली, बदल शाखाधिकाऱ्यांना पाठवला तर त्यांनी आकृती न उघडता नुसता मजकूर वाचून सांगितलं की "कागदपत्रं तपासणे"च्या आधी "सभासदत्व तपासणे" राहिलंय. ती पायरी पॉवरपॉइंटच्या आकृतीतही नव्हती. आता टाकली. ग्नूप्लॉट उद्या बसून करते, अडलं तर इथेच विचारेन.