बिबट्याला ‘वाघ’ म्हणणे चूक आहे का?

धागाकर्ता:
जुन्नरच्या उसात बिबट्या दिसला की गावभर ‘वाघ आला’ असे होते आणि बातमीतही तेच छापले जाते. मला हे खटकते. संस्कृत ‘व्याघ्र’, प्राकृत ‘वग्घ’, मराठी ‘वाघ’ अशी या शब्दाची सरळ परंपरा असून बिबट्यासाठी संस्कृतात ‘द्वीपी’ हा स्वतंत्र शब्द होता. ताडोबातला पट्टेरी वाघ आणि उसात पिले घालणारा बिबट्या यांच्यापासून जपण्याचे उपायही वेगळे आहेत, मग नाव एक कशासाठी?

प्रतिसाद (जुन्नरकर):
मी पूर्णपणे असहमत आहे. व्युत्पत्तीच लावायची तर वैदिक शब्दांची फोड करणारा प्राचीन पंडित यास्क आपल्या ‘निरुक्त’ या ग्रंथात म्हणतो, ‘व्याघ्रो व्याघ्राणात्, व्यादाय हन्तीति वा’, म्हणजे हुंगतो म्हणून किंवा जबडा पसरून मारतो म्हणून व्याघ्र. यात पट्ट्यांचा उल्लेख कुठे आहे? आमच्याकडे पट्टेरी तो ढाण्या वाघ आणि ठिपक्यांचा तो बिबळ्या वाघ. आश्विन वद्य द्वादशीच्या वाघबारसेला वाघोबाला नैवेद्य दाखवताना त्याची जात कोणी विचारत नाही. माझी आजी तर तिन्हीसांजेला गोठ्याचा अडसर लावताना ‘वाघ’ हा शब्दच तोंडातून काढत नसे. ‘जनावर फिरतंय’ एवढेच दबक्या आवाजात सांगे, आणि आम्ही पोरे निमूट घरात येत असू.

प्रतिसाद (संस्कृतचा विद्यार्थी):
यास्काचे निर्वचन (शब्दाची फोड) हा शब्दाच्या इतिहासाचा पुरावा मानता येणार नाही, कारण एकाच शब्दाच्या दोन व्युत्पत्ती तो ‘वा’ घालून शेजारी ठेवतो. ऋग्वेदात सिंह आहे पण व्याघ्र नाही, तो अथर्ववेदात भेटतो, हे मला अधिक बोलके वाटते. पाणिनीच्या ‘उपमितं व्याघ्रादिभिः’ या, वाघ वगैरेंची उपमा देणाऱ्या समासांच्या सूत्रापर्यंत तर ‘पुरुषव्याघ्र’ म्हणजे शूर पुरुष हा अर्थ रुळलेला दिसतो. इंग्रजी ‘टायगर’ मात्र ग्रीक ‘टिग्रिस’वरून आला असून त्याचे मूळ बहुधा ‘तीक्ष्ण’ या अर्थाच्या इराणी शब्दात आहे. ‘व्याघ्र’शी त्याचे नाते नाही. तरीही जुना अर्थ आजच्या बोलीवर लादावा, हे धागाकर्त्याचे म्हणणे मला पटत नाही.

धागाकर्ता:
‘बिबळ्या वाघ’ला माझी हरकत नाही, तो शब्द मी मान्य करतो. पण छापताना नेमके ‘बिबळ्या’ गळते, आणि पहाटे उसाला पाणी द्यायला निघालेल्या माणसाला तोच अर्धा शब्द आधी कळायला हवा.