टोल सरकार बदललं म्हणून गेला का आपण घालवला?

शिरोली नाका: सरकार बदलून काय फरक पडतो म्हणणाऱ्यांनी आपल्या कोल्हापूरचा टोल आठवावा. शहरातले रस्ते खासगी कंपनीनं करायचे आणि टोल घ्यायचा हा करार काँग्रेस-राष्ट्रवादीच्या राज्यात झाला, वसुली पण त्यांच्याच काळात, जानेवारी २०१४ ला नाके पेटले तरी टोल कायमचा रद्द झाला नाही. ऑक्टोबरात लोकांनी सरकार बदललं, जिल्ह्यात १० पैकी ६ सेना, २ भाजप, काँग्रेसला भोपळा, आणि २०१५ संपता संपता टोल रद्दची घोषणा झाली. अजून काय पुरावा पायजे?

पेठकरी: भावा, नव्या सरकारनं आल्या आल्या रद्द केला नाही, वर्ष घालवलं. ऐंशी पार केलेले शेकापचे नेते एन. डी. पाटील सर मोर्चात पुढं, कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे अण्णा सोबत, नाक्यानाक्यावर लोक पावती फाडायला नकार देऊन गाडी आडवी लावत होते, मागं हॉर्नचा नुसता कालवा. फेब्रुवारी २०१५ ला अण्णांवर गोळ्या झाडल्या, त्यांना टोल गेलेला बघायला पण मिळाला नाही. याचं श्रेय खुर्चीवर बसलेल्यांना देऊ नका, राग येतो.

शिरोली नाका: अण्णांबद्दल आदर आहेच, त्यात वाद नाही. पण आंदोलन तर आधीच्या सरकारपुढं पण तेवढंच पेटलेलं की! ते का नमले नाहीत? सत्ता जाऊ शकते हे २०१४ ला दिसलं म्हणून पुढचे नमले.

पेठकरी: आणि कंपनीला भरपाई कुठनं दिली? सरकारी तिजोरीतनं, म्हणजे आपल्याच पैशातनं. करार करणाऱ्यांपैकी कुणाला जाब विचारला नव्या सरकारनं?

कागलची लेक: शेतकऱ्याच्या घरातनं बोलते. २०२४ च्या विधानसभेच्या तोंडावर नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गातनं कोल्हापूर वगळलं म्हणून महायुती सरकारनं सांगितलं, लोकांनी विश्वास ठेवला, विरोधातल्या महाविकास आघाडीला जिल्ह्यात १० पैकी एक जागा मिळाली नाही. निकालानंतर परत त्याच महामार्गाच्या हालचाली. सरकार बदललं नाही की शब्द असा फिरतो. आमची जमीन पोटखराब म्हणजे नापीक नाही, बारमाही पाण्याचा ऊस आहे तिथं.

पेठकरी: ताई, तुमचं दुःख खरंय, पण सरकार न बदलता पण कामं होतात. वकील मंडळी कोल्हापुरात हायकोर्टाच्या खंडपीठासाठी कितीतरी वर्षं लढली, सगळ्या पक्षांची सरकारं आली गेली, शेवटी ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं, ते काय सत्तांतरानं?

कागलची लेक: ते कोर्टानं दिलं दादा. रस्त्याला जमीन घ्यायची का नाही हे मंत्रालयात ठरतंय, आणि तिथं कोण बसणार हे आमच्या मतावर.