'मूल्यांमुळे नोकरी नाकारली' : किती देत होते?

पिवळा चाफा
एका दिवाळी अंकासाठी लेख मराठीत आणते आहे. विशी-पंचविशीतली मुलं नोकरी शोधताना पगाराच्या आधी काय बघतात, असा विषय. डेलॉइट या सल्लागार कंपनीच्या २०२४ च्या पाहणीतला आकडा त्यात आहे : जेन-झीतल्या ४४ टक्के जणांनी स्वतःच्या नीतीत बसत नाही म्हणून एखाद्या कंपनीला नकार दिला आहे. त्याखाली एका मुलीची गोष्ट. पैसे लावून रमी खेळायच्या अ‍ॅपवाल्यांनी तिला बोलावलं होतं, ती गेली नाही. मी लिहिलं, "तिनं ही नोकरी आपल्या मूल्यांमुळे नाकारली."

प्रिंट जेवणाच्या टेबलावर पडलं होतं. बाबांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, वाचलं आणि विचारलं, "किती देत होते?"

मला क्षणभर कळेचना. त्यांनी मूल्य म्हणजे पैसे असं वाचलं होतं. कमी देत होते म्हणून नाही म्हणाली! मी समजावलं तर म्हणाले, "मग तसं लिही की. मूल्य काय, कांद्यालाही असतं." आणि खरंच, ज्या अंकात हा लेख येणार त्याच्याच मुखपृष्ठावर कोपऱ्यात 'मूल्य : अमुक रुपये' छापलेलं असणार.

'व्हॅल्यूज' तसंच ठेवायचं नाही, असं संपादकांचं म्हणणं. सुचवा काहीतरी.

कानामात्रा
संपादकांचं बरोबर आहे. मराठीला कुबड्या देण्याची गरज नाही. 'जीवनमूल्ये' लिहा, शंका मिटेल. तुमच्या वडिलांचीही चूक नाही म्हणा. संस्कृतातच मूल्य म्हणजे किंमत आणि मजुरी, दोन्ही. मोल हे त्याचंच झिजलेलं रूप; मोलकरीण आणि मोलमजुरी तिथूनच. नैतिक अर्थ मागाहून चिकटला, तोही इंग्रजीच्या संगतीनं. त्याहून बरं म्हणजे 'तत्त्वात बसत नाही'. जुना, धडधाकट प्रयोग आहे.

हिंजवडीचा वाटसरू
'जीवनमूल्ये' नको, हात जोडतो. आमच्या शाळेत परिपाठाला मूल्यशिक्षण असायचं. व्हरांड्याच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं दहा मूल्यं रंगवलेली. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा वगैरे. 'संवेदनशीलता'मधल्या 'शी'ची वेलांटी उडाली होती आणि ती चार वर्षं कुणी परत काढली नाही. आमच्या पिढीला मूल्य म्हटलं की ती भिंत आठवते. आणि गंमत बघा, त्यातला वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा आता एचआरवाले इंडक्शनला शिकवतात.

आम्ही आपापसात म्हणतो तो शब्द 'पटलं नाही'. बस. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीत शेवटच्या फेरीला मला विचारलं, रात्री अकराला क्लायंटचा कॉल आला तर? मी विचारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा आलं तर चालेल का? समोरचे तिघं हसले. "अरे, आपण इथे फॅमिलीसारखे आहोत." पगार आहे त्यापेक्षा चाळीस टक्के जास्त होता. घरी सांगितलं, नाही पटलं. आईला एवढं पुरलं. 'माझ्या तत्त्वात बसत नाही' म्हणालो असतो तर तिनं ताप आहे का बघितलं असतं.

गुळपोळी
+१ पटलं नाही.

जुना मस्टर
पटणे हा शब्द नातवंडांच्या वयाच्या मुलांनी निवडला याचा आनंद आहे, पण तोही पैशातलाच बरं का. हुंडी पटते. हुंडी पटवून रोकड घेत. हिशेब पटतो. म्हणजे चाफाताई, तुमचे बाबा याही वाक्याला विचारू शकतात, किती?

'या नोकरीत काही अर्थ नाही' असं लिहावं म्हणाल, तर अर्थ म्हणजे धन. अर्थमंत्री आहेतच.

अवांतर : ती रमीची अ‍ॅपं ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंदच झाली. पोरगी गेली असती तर चार दिवसांत घरी बसली असती. वाचली.

पिवळा चाफा
काका, धन्यवाद (आणि अरेरे). मग असा एकही शब्द नाही का ज्याला पैशाचा वास येत नाही?

मालवणी खाजा
पिंड. 'माझ्या पिंडाला मानवत नाही.' कावळ्यानं शिवलेला सोडून दुसरा.

जुना मस्टर
पिंड उत्तम. पण मला चाफाताईंच्या वाक्यात 'नाकारली' हा शब्द जास्त बघण्यासारखा वाटतो. नोकरी सोडण्यासाठी आपल्याकडे जो शब्द आहे त्याचं काय झालं बघा. राजीनामा. राजी आणि नामा. म्हणजे मी राजी आहे असा कागद! पेशवाईत तंटा पंचायतीपुढे गेला की वादी-प्रतिवादींकडून आधी राजीनामा लिहून घेत : पंच जो निवाडा देतील तो आम्हांस मान्य. पुढे इंग्रजी अमलात जमिनीचं खातं सोडणाऱ्यानं राजीनामा द्यायचा आणि घेणाऱ्यानं कबुलायत. खुशीनं सोडतो, माझी तक्रार नाही, असा त्याचा सूर. तिथून तो नोकरीत शिरला. आता नाराज माणूस राजीनामा देतो.

रजा हीही त्याच घरातली. रजा म्हणजे मुळात संमती. साहेबाची मर्जी. अठ्ठावीस वर्षं रजेचे अर्ज फायलीला लावले, कुणाचीही मर्जी पहिल्या फटक्यात मिळालेली पाहिली नाही.

हिंजवडीचा वाटसरू
आमच्यात राजीनामा दिल्यावर नव्वद दिवस नोटीस. राजी झाल्यावरही तीन महिने नाराजीनं बसायचं.

टोरांटोची काकू
मस्टरकाका, तुम्ही राजीनाम्यापर्यंत गेलात तर मी आणखी मागे नेते. 'नोकर' फारसीतून आपल्याकडे आला, पण फारसीत मंगोलांकडून. मंगोल भाषेत नोकोर म्हणजे सोबती, जोडीदार. चंगीजखानाच्या भोवतीचे जिवाभावाचे लोक त्याचे नोकोर. 'साहेब' अरबी. त्याचाही मूळ अर्थ सोबती. आणि 'कंपनी' लॅटिनमधून : एकत्र भाकरी खाणारे. म्हणजे नोकर सोबती, साहेब सोबती आणि कंपनी म्हणजे पंगत!

त्यामुळे वाटसरूला "आपण फॅमिलीसारखे" म्हणणारे ते तिघं व्युत्पत्तीला धरूनच बोलत होते. 😄

हिंजवडीचा वाटसरू
काकू 🙏 हे मी स्टेटसला टाकतोय. पण पंगतीत वाढपी नेहमी आम्हीच.

कानामात्रा
मंगोलांपर्यंत जाण्याची हौस समजू शकतो, मात्र यातून सिद्ध काय होतं? शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तो फारसीच्या याच जंजाळातून सुटण्यासाठी. साडेतीनशे वर्षांनी आपण नोकर, साहेब, राजीनामा यांच्या कौतुकात रमलो आहोत. आणि वर स्टेटस, इंडक्शन, एचआर. सेवक, अधिकारी, त्यागपत्र हे शब्द काय वाईट आहेत?

मालवणी खाजा
त्यागपत्र हिंदी बातम्यांत बरं वाटतं. आमच्या घरी कुणी त्यागपत्र दिलं तर आजी विचारेल, संन्यास घेतलास?

शब्दाला हात लावायचा म्हटलं की काय होतं ते 'चाकरमानी'वरून बघितलंय ना. २०२५ च्या गणपतीआधी अजित पवारांनी चाकरमानीऐवजी कोकणवासी म्हणावं असं सुचवलं, कारण चाकर हा कमीपणाचा शब्द. कमीपणा कसला? एसटी स्टॅंडवर बॅगा उतरल्या की अख्खी वाडी ओरडायची, चाकरमानी इलो! त्यात मान होता. गिरणीत बारा तास उभा राहणारा माणूस गावात चाकरमानी म्हणून रुबाबात फिरायचा. माझी आपली समजूत आहे की चाकरी + मानी. उगमाचं माहीत नाही, पण शब्द बोलून बघा, ताठ उभा राहतो.

आणि आता माझा पुतण्या. पुण्यात चांगलं पॅकेज सोडून आला, कुडाळात होमस्टे चालवतो, सकाळी स्वतः आंबोळ्या घालतो. त्याला वाडीतले विचारतात, चाकरी सुटली काय रे? सुटली नाही, सोडली, हे सांगायला त्याला एक अख्खं वाक्य लागतं.

गुळपोळी
जुनी म्हण आहेच, उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. पुतण्या मध्यमावर पोचला.

टोरांटोची काकू
कानामात्रा, सिद्ध काहीच करायचं नव्हतं हो.

चिनी मुलांनी २०२१ मध्ये यासाठी छान शब्द चालवला, तांग पिंग. आडवं पडून राहणं. तिकडे नऊ ते नऊ, आठवड्याचे सहा दिवस, असा कंपन्यांचा शिरस्ता होता. त्याला आकड्यांतच म्हणत, नऊ-नऊ-सहा. त्याच वर्षी त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवला. तर त्या शिरस्त्यावर मुलांचं उत्तर : आम्ही आडवे. पुढच्या वर्षी अमेरिकेतून 'क्वाएट क्विटिंग' आलं, म्हणजे नोकरी न सोडता नेमून दिलेलं तेवढंच काम करणं. याला मराठी काय?

बिनपगारी
पाट्या टाकणे. शब्द तयार आहे, मोंगल नको न् चिनी नको.

हिंजवडीचा वाटसरू
अजिबात नाही. पाट्या टाकणारा काम केल्याचं नाटक करतो. मी नेमून दिलेलं काम पूर्ण करतो आणि सहाला लॅपटॉप मिटतो. ज्याचे पैसे मिळतात तेवढं काम, याला पाट्या टाकणं म्हणायचं? मग ज्याचे पैसे मिळत नाहीत ते रात्रीचं काम, त्याला काय म्हणायचं?

जुना मस्टर
त्याला वेठ म्हणायचं. संस्कृत विष्टि. बिनमोबदल्याचं सक्तीचं काम. बिगार फारसी, वेठ आपली, आणि जोडीनं वेठबिगार. शब्द तयार आहे, खास आपला, कानामात्रा यांनाही चालेल.

आणि वाटसरू, तू सहाला लॅपटॉप मिटतोस यात नवीन काही नाही. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली ती नारायण मेघाजी लोखंड्यांमुळे, त्यासाठी ते सहा-सात वर्षं झगडत होते. २०२३ मध्ये दुसरे एक नारायण, इन्फोसिसचे मूर्ती, म्हणाले तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं. पुढे लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी नव्वदवर नेलं आणि रविवारही मागितला. पहिल्या नारायणानं दिलेलं इतक्या स्वस्तात जाऊ नये.

कानामात्रा
वेठ चालेल.

बिनपगारी
वाटसरू, पाट्याबद्दल तुझं अर्धं खरं. माझी आजी ७२ च्या दुष्काळात आष्टीकडं रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. हाताला चिंध्या बांधून. खडीचे पैसे ब्रासवर, मोजमाप घेऊन. तिथं फसवता यायचं नाही. पण माती टाकायचं काम दुसरीकडं होतं आणि तिथं मुकादम पाट्या मोजायचा. पाटीत किती माती ते बघायचा नाही, खेपा मोजायचा. मग बाया अर्धी पाटी भरायच्या. आजी म्हणायची, "माती कुटं टाकली? पाट्याच टाकल्या." तिच्या मते शब्द तिथला.

म्हणजे लबाडी बायांची का मोजणाऱ्याची? तासांवर मोजणार असाल तर माणूस तास टाकणार.

हिंजवडीचा वाटसरू
हे भारी आहे. आमच्याकडे टाइमशीट भरतात, ती म्हणजे पाटीच. मागे घेतो माझं.

गुळपोळी
शब्द ७२ च्या आधीचा असणार हो. माझे आजोबा त्यापूर्वी वारले आणि ते आमच्या काकांना पाट्याटाक्या म्हणायचे असं वडील सांगतात.

जुना मस्टर
आमच्या गावच्या मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं. पाट्या शाळेतल्या. शिकवायचं काही नाही, पोरांना उतारा लिहायला लावायचा, पोरं पाट्या लिहून पुढ्यात टाकणार, मास्तर खडूनं बरोबर मारणार. संपली शाळा. स्वतः मास्तर असूनच सांगायचे, म्हणून मी खरं मानत आलो.

बिनपगारी
मास्तरांनी आमच्या आजीच्या डोक्यावरची पाटी पाहिली नाही.

गुळपोळी
मध्येच एक. मूळ लेखात 'कंपनी कल्चर' असेल ना? त्याला संस्कृती लिहू नका, भरतनाट्यम् असल्यासारखं वाटतं. वळण लिहा. पूर्वी मुलगी द्यायच्या आधी घराचं वळण बघायचे. ही मुलं कंपनीचं वळण बघतात, जुन्या लोकांकडे चौकशी करतात, पटलं तर होकार कळवतात. माझ्या भाचीनं तर लिंक्डइनवर त्या कंपनीतून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या चौघींना निरोप पाठवून विचारलं. चौघींपैकी तिघींनी एकच शब्द लिहिला : पळ.

पिवळा चाफा
वळण घेतलं! गुळपोळी, तुमच्या नावानं एक चहा.

पण मूल्यांचं? उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. 'तिच्या पिंडाला मानवलं नाही' लिहिलं तर बाबा म्हणतात रमी पचली नाही असं वाटतं.

कानामात्रा
तत्त्व. पहिल्या प्रतिसादातच सांगितलं होतं.

हिंजवडीचा वाटसरू
पटलं नाही.

मालवणी खाजा
तिला स्वतःलाच विचारा ना ती काय म्हणाली होती.

पिवळा चाफा
मूळ लेखात तिचं बोलणं आहे. ती म्हणते, "मामांनी रमीत रिक्षा घालवली. मी नाही जाणार तिथे." हे मी वरच घेतलंय. त्याच्या खालच्या ओळीत मूल्यं येतात.

टोरांटोची काकू
अगं मग खालची ओळ कशाला हवी?

कानामात्रा
अनुवादकाला ओळ गाळण्याचा अधिकार नसतो. हा वेगळा आणि गंभीर विषय आहे, त्यावर स्वतंत्र धागा काढावा.

बिनपगारी
मस्टरकाका, एक ब्रास म्हणजे नक्की किती हो? आजी हात पसरून दाखवायची.

जुना मस्टर
शंभर घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट उंच असा ढीग. आजींचे हात बरोबरच असतील.