म्युनिकला शिफ्ट होतोय, तिथल्या माणसाला पैसे देऊन मदत घ्यावी का?

मंडळी, जरा मदत हवी आहे. पुढच्या महिन्यात म्युनिकला जॉइन व्हायचंय, मी, बायको आणि चार वर्षांची मुलगी. ब्लू कार्डवाला व्हिसा आला, तिकिटं काढली, सगळं छान, फक्त राहायचं कुठे ते ठरलेलं नाही. कंपनीने पहिले चार आठवडे सर्व्हिस अपार्टमेंट दिलंय, पुढचं तुमचं तुम्ही बघा म्हणाले.

इथे बसून तिकडचं घर शोधणं काय प्रकार असतो ते दीड महिन्यात कळलं. साठेक मेसेज टाकले असतील, उत्तरं आली पाच. त्यातले तिघं म्हणाले प्रत्यक्ष बघायला या, एकाने घर गेलं म्हणून कळवलं आणि राहिलेले एक साहेब म्हणे मी सध्या देशाबाहेर असतो, तुम्ही डिपॉझिट पाठवा, चावी कुरियरने येईल. फोटो इतके चकाचक की बायको बघता क्षणी म्हणाली हे हॉटेल आहे. सोडलं ते.

तर आता ओळखीच्यांच्या ओळखीतून तिथली एक मुलगी मिळालीये, मास्टर्स करतेय, जर्मन फाडफाड बोलते. तिने दोन ऑप्शन दिलेत: एकतर 900 युरो एकरकमी, अर्धे आधी, आणि ती घर मिळवून देणार, किंवा तासाला 35 युरो, त्यात घरं बघायला जाणं, मालकांशी फोनवर बोलणं, आन्मेल्डुंगला (म्हणजे पत्ता नोंदवायला) सोबत येणं वगैरे.

ट्रायल म्हणून दोन तासांचे पैसे देऊन तिला एक घर बघायला पाठवलं. व्हिडिओ कॉल लावला तर जिन्यात ही रांग, प्रत्येकाच्या हातात कागदांची फाइल. आत गेल्यावर किचन दाखव म्हटलं तर तिने कॅमेरा एका रिकाम्या भिंतीवर धरला, दोन पाइप बाहेर आलेले आणि एक वायर लोंबतेय, बस. मला वाटलं काम चालू असेल. तर म्हणते, "दादा, इथे असंच देतात, सिंकपासून सगळं आपण आणायचं, जाहिरातीत ईबीके लिहिलेलं असेल तरच किचन मिळतं." मी पाहिलेल्या एवढ्या व्हिडिओंत हे कुणीच बोललं नव्हतं. तेव्हाच पटलं की पैसे देण्यात अर्थ आहे, पण नक्की कशाचे द्यायचे आणि आधी किती द्यायचे तिथे गाडी अडलीये. बायको म्हणते 900 देऊन टाक आणि मोकळा हो, रोज तास कोण मोजत बसणार. मला आधी अर्धे देणं जड जातंय. कुणी असं केलंय का? प्लीज सांगा.

प्रतिसाद:
900 वालं अजिबात करू नका. जर्मनीत घर मिळवून देण्याचे पैसे घेणं म्हणजे दलाली आणि त्याचा वेगळा कायदा आहे. त्यात आगाऊ पैसे मागताच येत नाहीत, घेताही येत नाहीत. 2015 पासून तर ज्याने एजंट लावला त्यानेच त्याची फी द्यायची, त्यामुळे मालकाच्या एजंटने तुमच्याकडे पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. तासाचे पैसे द्या, सोबत येण्याचे, बोलण्याचे, कागद वाचून दाखवण्याचे. आणि बिल मागा, नोकरीसाठी शिफ्ट होताना झालेला खर्च टॅक्समध्ये दाखवता येतो.

अजून एक, ती स्टुडंट व्हिसावर आहे का ते विचारा. असेल तर असं स्वतंत्रपणे काम करायला तिला परदेशी नागरिकांच्या ऑफिसची परवानगी लागते. तुमचं काही जाणार नाही कदाचित, पण त्या पोरीचा व्हिसा गोत्यात येईल.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटे, म्हणजे हीटिंग वगैरे सोडून जे भाडं असतं ते. आणि ते तीन हप्त्यांत देता येतं, पहिला हप्ता भाडं सुरू होताना. घर बघण्याआधी एक युरो पाठवू नका.

धागाकर्ता:
बाप रे, व्हिसाचं डोक्यातच आलं नव्हतं, आजच विचारतो तिला. आन्मेल्डुंग सर्व्हिस अपार्टमेंटच्या पत्त्यावर होतं का?

प्रतिसाद:
अपार्टमेंटवाले सहीचं पत्र देत असतील तर होतं, त्या पत्राला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग म्हणतात (एका दमात म्हणून बघा). काही जण देत नाहीत, म्हणून निघायच्या आधी ईमेलवर लेखी घ्या. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते, पण अपॉइंटमेंट पटकन मिळत नाही, तेव्हा पहिल्या दिवसापासून स्लॉट बघत बसा. नोंदणी झाल्यावर टॅक्स आयडी पोस्टाने येतो आणि इथे पोस्टमन लेटरबॉक्सवरचं नाव बघून पत्र टाकतो. आमचं नाव लावलेलं नव्हतं, पत्र परत गेलं आणि पहिल्या पगारात टॅक्स भरमसाट कापला. बाकी कशाला नाही तरी त्या मुलीला पहिल्या दिवशी अर्ध्या तासाचे पैसे देऊन बॉक्सवर आणि बेलवर तुमची नावं लावायचं तेवढं करून घ्या, तिघांची आडनावं पासपोर्टवर वेगवेगळी लिहिली असतील तर तिन्ही.

धागाकर्ता:
आहेत ना वेगवेगळी, बायकोचं माहेरचंच आहे. बरं झालं सांगितलंत. तासाचंच ठरवतो, तिच्या परवानगीचं काय ते कळलं की इथेच लिहितो.