‘लोकानुनय’ ब्रायनला लागू होतो का?

प्रश्न: अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांवरचा एक मजकूर अनुवादाला घेतलाय. पॉप्युलिझम उमेदवाराला तारतो की बुडवतो, असा विषय. सवयीने ‘लोकानुनय’ लिहीत गेले आणि १८९६चा डेमोक्रॅटिक उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन याच्यापाशी अडले. तिथे तो शब्द बसेना. दुसरा काही आहे का?

प्रतिसाद: लोकानुनयच लिहा. कर्जमाफी, फुकट वीज यांवरच्या अग्रलेखांत तोच असतो. वाचकाला कळतो.

प्रतिसाद: कळतो, पण भलताच. अनुनय म्हणजे मनधरणी. संस्कृत काव्यात रुसलेल्या नायिकेची नायक करतो ती. ब्रायनने कोणाची मनधरणी केली? चलन नुसतं सोन्याला बांधू नका, चांदीचीही नाणी हवी तितकी पाडा, म्हणजे पैसा वाढेल, शेतमालाचे भाव चढतील, कर्ज फेडणं सोपं होईल, असं तो सांगत होता. कर्जात बुडालेला शेतकरी खूश झाला. ईशान्येकडच्या कारखान्यातल्या कामगाराला मात्र पाव महागण्याची धास्ती. ‘मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर चढवू नका’ हे भाषण गाजलं, पण निवडणूक गेली: रिपब्लिकन मॅकिन्लीला २७१ निर्वाचक मतं (राज्यवार मोजली जाणारी, अध्यक्ष ठरवणारी), ब्रायनला १७६. मूळ शब्दात खूश करणं नाहीच. ‘आम्ही राबणारे, ते वर बसून खाणारे’ ही फाळणी आहे. ब्रायनला पाठिंबा देणारे पीपल्स पार्टी या शेतकऱ्यांच्या पक्षाचे लोक स्वतःला अभिमानाने पॉप्युलिस्ट म्हणवत.

प्रश्नकर्ती: मग लोकरंजनवाद?

प्रतिसाद: तो वाचला की मला ढोलकी ऐकू येते. ‘जनवादी’ डाव्यांनी कधीच घेतलाय. ‘लोकवाद’ घ्या, कोरा आहे. २०१६ मध्ये ओटावाच्या पत्रकार परिषदेत ओबामा म्हणाले होते की, गरिबांना, कामगारांना संधी मिळावी असं मला वाटतं, त्या अर्थी मीच पॉप्युलिस्ट ठरतो. मतांसाठी काहीतरी वादग्रस्त बोलणारा पॉप्युलिस्ट नव्हे, असंही. इथे ‘मीच लोकानुनयी’ लिहून बघा!

प्रतिसाद: शब्द राहू दे, तारतो की बुडवतो ते सांगा की.

प्रतिसाद: कोणत्या दारातून आलात त्यावर आहे. १९९२ मध्ये अपक्ष रॉस पेरोंना जवळपास १९ टक्के मतं पडली, निर्वाचक मत एकही नाही, कारण पाठिंबा देशभर पातळ पसरलेला. १९६८ मध्ये तिसऱ्या पक्षाच्या जॉर्ज वॉलेसना साडेतेरा टक्केच, पण दक्षिणेत एकवटलेली, म्हणून ४६ निर्वाचक मतं. ट्रम्प रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेऱ्यांतून आत शिरले आणि घरच ताब्यात घेतलं. सँडर्स डेमोक्रॅटिक पक्षाच्या त्याच दारात दोनदा अडकले. बरं, ट्रम्प त्याच भाषेत २०२० ला हरले आणि २०२४ ला जिंकले, तेव्हा सगळं श्रेय भाषेला देऊ नका. उलट पीपल्स पार्टीला अध्यक्षपद कधीच मिळालं नाही, पण १८९२च्या ओमाहा जाहीरनाम्यातला चढता प्राप्तिकर आणि सिनेटची थेट निवडणूक या मागण्यांना १९१३ मध्ये घटनादुरुस्तीने वाट मिळाली.

प्रश्नकर्ती: ठरलं. ब्रायनला लोकवाद, फुकटच्या खैरातीला लोकानुनय. ट्रम्पच्या प्रकरणात दोन्ही लागतील बहुतेक.

प्रतिसाद: पहिल्यांदा येईल तिथे खुलासा टाका. नाहीतर लोकवाद म्हणजे लोकशाहीवादच समजतील.